दिवाळीत स्वतःसाठी दुर्बीण घेताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या खरेदीनिमित्त छंदिष्टांनी स्वतःला काय भेट द्यावी, यावर जो मजकूर आला, तो आवडीने वाचला. छायाचित्रण, बागकाम, चित्रकला या नेहमीच्या छंदांबरोबर आकाशनिरीक्षणालाही त्यात एक चौकट मिळाली, याबद्दल आपले आभार. मात्र त्या चौकटीत ज्या दुर्बिणीची शिफारस होती, तिच्याविषयी ‘५२५ पट मोठे दाखवणारी’ एवढीच माहिती दिली होती आणि दुर्बीण निवडण्यासाठी या आकड्याइतकी निरुपयोगी माहिती दुसरी नाही. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत अनेक वर्षे मदत करत असल्यामुळे दसरा झाला की ‘यंदा दुर्बीण घ्यायची आहे, कोणती घेऊ?’ असे विचारणारे बरेच जण भेटतात. त्यांना जे सांगतो, तेच आपल्या वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहीत आहे.

दिवाळीतच हा प्रश्न का उभा राहतो, याला बोनसखेरीज आणखी एक कारण आहे. आपल्याकडे जूनपासून चार महिने आकाश ढगांच्या ताब्यात असते आणि हौशी निरीक्षकाचे खरे वर्ष पाऊस परतल्यावरच सुरू होते. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येचे, म्हणजे चंद्राचा अडथळा नसलेल्या रात्रींचे दिवस तेच. शर्मिष्ठा, देवयानी, महाश्व ही तारकासमूहांची मंडळी संध्याकाळीच वर आलेली असतात, कृत्तिका पूर्वेकडे दिसू लागते आणि जरा जागरण केले तर मृग नक्षत्रही भेटते. घरातल्यांचे कपडे, पाडव्याची ओवाळणी, भाऊबीज हे सगळे निभावल्यावर जी रक्कम उरते, तिच्यात स्वतःचा एक लाड पुरवावा, असे या दिवसांत वाटले तर त्यात गैर काहीच नाही. वर्षभर घरासाठी राबणाऱ्या माणसाने एवढे जरूर करावे. फक्त तो लाड पुढच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर जाऊन पडू नये.

आता त्या ५२५ पटींचा हिशेब पाहू. बाजारात सर्रास मिळणाऱ्या छोट्या दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर आणि नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ, ७०० मिलिमीटर असते. नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे आयपीसच्या, नाभीय अंतराने भागले की प्रतिमा किती पट मोठी दिसेल ते कळते. या दुर्बिणीबरोबर ४ मिलिमीटरची नेत्रिका दिली की १७५ पट होतात आणि सोबत तिप्पट करणारे बार्लो भिंग खोक्यात टाकले की ५२५. गणित अगदी बरोबर आहे, म्हणून जाहिरातीला खोटे म्हणता येत नाही. परंतु दुर्बिणीचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या साधारण दुप्पट पटींपलीकडे नवे काहीच दिसत नाही, हा प्रकाशाच्या स्वभावातूनच आलेला नियम आहे. ६० मिलिमीटरच्या भिंगाला ही मर्यादा सुमारे १२० पटींवर गाठते. त्यापुढे प्रतिमा फुगते, पण तेवढाच प्रकाश अधिक जागेवर पसरल्याने ती फिकी आणि धूसर होत जाते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारा सरकतो तोही तितक्याच पटींनी वेगाने सरकताना दिसतो. ५२५ पटींवर ग्रह दृश्यातून वीस सेकंदांच्या आसपास निसटून जातो आणि त्याला पुन्हा पकडण्यासाठी नळीला हात लावावा, तर अशा संचाबरोबर येणारी काडीसारखी तिपाई इतकी थरथरते की हललेले दृश्य स्थिर होईपर्यंत ग्रह पुन्हा बाहेर गेलेला असतो. दुर्बीण घेतलेला माणूस आठवडाभर हे सोसतो आणि मग आपल्यालाच जमत नाही, अशी समजूत करून घेतो. मला खरा राग या समजुतीचा आहे, कारण दोष खोक्यावरच्या आकड्याचा असतो आणि तो माणसाच्या उत्साहावर जातो.

गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले, ते सुमारे वीस पटींच्या दुर्बिणीतून. शनीचे कडे पंचवीस-तीस पटींवर ओळखू येते. तेही केव्हा, तर कडे आपल्याकडे पुरेसे कललेले असते तेव्हा. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्या कड्याच्या पातळीतून गेली, म्हणजे कड्याची नुसती धार आपल्याकडे आली आणि त्या वर्षी हौसेने दुर्बीण घेतलेल्या कित्येकांना शनीभोवती जेमतेम एक रेघ दिसली. काहींनी ती दुर्बीण सदोष समजून परतही केली. साधारण पंधरा वर्षांनी एकदा येणारा हा योग आहे. कडे आता वर्षागणिक उघडत जाईल आणि २०३२ च्या सुमारास ऐन रंगात असेल. कोणत्या वर्षी काय पाहायला मिळणार आहे, हे खरेदीआधी कोणी सांगितले असते, तर त्या दुर्बिणी परत गेल्या नसत्या.

म्हणून पहिल्यांदाच काही घेणाऱ्याला माझा सल्ला एकच असतो : दुर्बीण नंतर, आधी द्विनेत्री. १० बाय ५० ची, म्हणजे दहा पट वर्धन आणि ५० मिलिमीटर व्यासाची चांगली बायनॉक्युलर मध्यम किमतीच्या मोबाइलपेक्षा कमी खर्चात येते, पिशवीत मावते, कर्जत लोकलच्या गर्दीतही नेता येते आणि आकाशात रस संपलाच तर पक्षीनिरीक्षणाला किंवा गडावर नेण्याला उपयोगी पडते. अंधाऱ्या जागेवरून तिच्यातून देवयानी दीर्घिकेचा लांबट, धुरकट डाग दिसतो. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली वस्तू आपण हातातल्या नळीतून पाहत आहोत, ही जाणीव होण्यासाठी ५२५ पटींची गरज पडत नाही. शर्मिष्ठा आणि ययाती यांच्यामधला जुळा तारकागुच्छ, कृत्तिकेतले नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कितीतरी तारे, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ हे सारे द्विनेत्रीतून दुर्बिणीपेक्षाही देखणे दिसते, कारण तिचे दृश्यक्षेत्र मोठे असते. जुन्या पुस्तकांतून ७ बाय ५० ची शिफारस आढळते, ती चुकीची नाही. पण तिच्यातून डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत सात मिलिमीटर रुंदीचा असतो. तरुणाची बाहुली अंधारात तेवढी उघडते. पन्नाशी उलटलेल्याची बहुधा पाच मिलिमीटरपर्यंतच उघडते आणि उरलेला प्रकाश वाया जातो. निवृत्तीनंतर या छंदाकडे वळणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यांनी १० बाय ५० च घ्यावी.

दुकानात ती पारखण्याची रीत सोपी आहे आणि दुकानदाराला थोडे ताटकळत ठेवायची तयारी असली की झाले. द्विनेत्री हातभर लांब धरून उजेडाकडे रोखावी आणि डोळ्यांकडच्या भिंगांत दिसणारी प्रकाशाची दोन वर्तुळे न्याहाळावीत. ती स्वच्छ गोल असतील तर आतले लोलक ठीक आहेत. त्यांच्या कडा कापल्यासारख्या चौकोनी, करड्या दिसल्या तर कुठेतरी काटकसर झालेली आहे. मग समोरच्या इमारतीवरची दूरची अँटेना किंवा पाण्याची टाकी मिनिटभर पाहावी. डोळ्यांवर ताण आला, प्रतिमा दुहेरी वाटली, तर दोन नळ्या एकमेकींशी समांतर नाहीत आणि तो दोष घरी दुरुस्त होण्यासारखा नाही. लाल चमकणाऱ्या भिंगांच्या द्विनेत्री यात्रेत आणि थंड हवेच्या ठिकाणी हमखास विकायला असतात. त्या लाल रंगाचा प्रकाश परत फेकून देतात, म्हणून आकाशासाठी घेऊच नयेत. झूम होणाऱ्याही नकोत. ऑनलाइन घ्यायची असेल, तर ती परत करण्याची मुदत पाहून घ्यावी आणि आल्याच्या दिवशीच या चाचण्या कराव्यात.

ज्यांच्याकडे द्विनेत्री आहे, जे नकाशाशिवाय नक्षत्रे ओळखतात आणि ज्यांना आता दुर्बीणच हवी आहे, त्यांनी पटींऐवजी व्यास विचारावा. प्रकाश गोळा करण्याची ताकद व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १५० मिलिमीटरची परावर्ती, म्हणजे आरशाची, दुर्बीण ६० मिलिमीटरवालीपेक्षा सव्वासहा पट अधिक प्रकाश पकडते. डॉब्सोनियन बैठकीवरची अशी दुर्बीण खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त आकाश दाखवते, कारण तिच्यात पैसा आरशावर खर्च होतो आणि बैठक म्हणजे लाकडी पेटीच असते. ही बैठक ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात १९४४ पासून १९६७ पर्यंत संन्यासी होते. मठात राहूनच ते आरसे घासायला शिकले आणि बाहेर पडल्यावर पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवू लागले. छंदाला पैसा लागतोच, असे मानणाऱ्यांनी त्यांचे चरित्र जरूर वाचावे.

पण डॉब्सोनियनची मागणी नोंदवण्याआधी आपण राहतो कुठे, याचा विचार करणे भाग आहे. सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियनची नळी सुमारे चार फूट लांब असते आणि आठ इंचीचे वजन बैठकीसह वीस किलोच्या पुढे जाते. ती तिसऱ्या मजल्यावरून गच्चीवर रोज कोण नेणार, लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का, गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असेल तर रात्री साडेदहाला ती कोण देणार, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण दुर्बीण वापरली जाणार की नाही ते बहुतेक वेळा त्यांच्यावरच ठरते. स्वतःचे वाहन असलेल्याने ती खुशाल घ्यावी आणि अमावास्येच्या आठवड्यात वेल्हे-भोरकडे किंवा जिथे अंधार मिळेल तिकडे न्यावी. ज्याची भिस्त लोकल आणि एसटीवर आहे, त्याने सत्तर-ऐंशी मिलिमीटरची आखूड अपवर्ती, म्हणजे भिंगाची, दुर्बीण आणि तिच्या किमतीच्या निम्मा खर्च करून एक दणकट तिपाई घ्यावी. नेत्रिका सव्वा इंच व्यासाच्या प्रमाण आकाराच्या आहेत ना, हे पाहिले की पुढे त्या दुसऱ्या दुर्बिणीलाही चालतात. लातूर-सोलापूरकडच्या वाचकांचे आकाश आम्हा पुणे-मुंबईकरांपेक्षा कोरडे आणि गावाबाहेर काळे असते. त्यांनी आमच्या तक्रारी मनावर न घेता मोठा आरसा घ्यावा.

गेल्या दोन-तीन वर्षांत ‘स्मार्ट’ दुर्बिणींचा बोलबाला आहे. २०२३ मध्ये आलेल्या सीस्टार एस५० सारख्या यंत्राला नेत्रिका नसतेच. ५० मिलिमीटरच्या भिंगातून ते एकामागून एक छायाचित्रे घेते, ती आपोआप एकावर एक रचते आणि मृगातला तेजोमेघ रंगीत होऊन मोबाइलवर उमटतो. शहरातल्या उजेडातही ते बऱ्यापैकी काम करते, हे मान्य केले पाहिजे. ज्याला ठाण्यातल्या किंवा पिंपरीतल्या बाल्कनीतूनच आकाश पाहायचे आहे, ज्याचे गुडघे आता गच्चीचा जिना मानत नाहीत किंवा ज्याची मूळ ओढ छायाचित्रणाची आहे, त्याने ते घ्यावे. नवशिक्याने मात्र त्यापासून सुरुवात करू नये, असे मला वाटते. यंत्र स्वतःच तारा शोधते, त्यामुळे आकाशाची वाट माणसाला पाठ होत नाही आणि ती पाठ होण्यातच या छंदाची निम्मी गोडी आहे. माझ्या या मताशी अनेक तरुण मित्र सहमत नाहीत आणि त्यांची छायाचित्रे पाहिली की माझाही आवाज जरा खाली येतो.

मोठे यंत्र घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसलेल्यांसाठी काही छोट्या गोष्टी आहेत आणि त्यांची शिफारस कोणतीही पुरवणी करत नाही, कारण त्यांची जाहिरात कोणी देत नाही. पहिली आरामखुर्ची. मान वर करून अर्धा तास उभे राहिलेला माणूस आकाशाला लवकर कंटाळतो, तोच टेकून बसला की तासन्‌तास पाहतो. दुसरी, द्विनेत्रीला तिपाईवर बसवणारा इंग्रजी एल आकाराचा छोटा कंस. तो जोडल्यावर गुरूचे चंद्र दहा पटींतही टिपक्यांसारखे वेगवेगळे दिसतात. हातात धरल्यावर ते थरथरून एकमेकांत मिसळतात. तिसरी, तांबड्या प्रकाशाची विजेरी. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पांढरा उजेड ते सारे क्षणात घालवतो. तांबडा प्रकाश मंद असेल तर डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही. यासाठी खर्चच नको : आकाशकंदील करून उरलेला लाल जिलेटिन कागद दुहेरी-तिहेरी घडी करून विजेरीवर रबरबँडने लावला की काम झाले.

कोकण आणि मुंबईकरांनी यांच्याही आधी एक हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्यावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि एकदा ती लेपापर्यंत पोहोचली की पुसून जात नाही. कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवलेल्या कितीतरी सुरेख द्विनेत्री अशा वाया गेलेल्या आहेत. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. भिंगावर फुंकर मारून सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची सवय तेवढी सोडावी आणि दसऱ्याला पूजा केली असेल तर हळदकुंकू नळीवर वाहावे, भिंगावर वाहू नये. हे गमतीने लिहिलेले नाही.

एका बाबतीत मात्र सल्ला नव्हे, सक्त सूचना करावीशी वाटते. स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यात नेत्रिकेला लावायची एक काळी काच असते आणि तिच्यावर सूर्यासाठी असल्याचे लिहिलेले असते. ती खोक्यातून काढून फोडून टाकावी. भिंगाने एकवटलेल्या सूर्याच्या उष्णतेने ती तडकू शकते आणि त्या क्षणी डोळा नेत्रिकेला लागलेला असेल, तर दृष्टी जाते. सूर्यासाठीचे गाळणे दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच, घट्ट बसणारे असावे. लहान मुलांच्या घरात तर याबाबत जराही ढिलाई नको. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ते भर पावसाळ्यात येत असले, तरी त्याआधी असल्या काचांचा खप वाढेल, अशी मला भीती वाटते.

आणखी एक वाट आहे, ती पैशांपेक्षा वेळ मागणारी. दोन जाड काचेच्या चकत्या, कार्बोरंडमची पूड, पिच (डांबरासारखा पदार्थ) आणि पाणी एवढ्या साहित्यावर दुर्बिणीचा आरसा स्वतः घासून तयार करता येतो. वरची चकती खालच्या चकतीवर घासत राहिले की वरची हळूहळू खोलगट होते, मग पूड बारीक करत न्यायची, शेवटी सिरियम ऑक्साइडने चकाकी आणायची आणि वक्रता तपासत तपासत प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाइतकी अचूक करायची. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेने अशा कार्यशाळा घेतलेल्या आहेत आणि त्यातून घरी नेलेल्या आरशांच्या दुर्बिणी आजही वापरात आहेत. दिवाळीची सुटी त्याला अपुरी पडते हे खरे, पण सुरुवात करायला ती पुरेशी आहे.

आता आपल्या दैनिकाकडे विनंती. खरेदी पुरवणीत दुर्बिणीचा उल्लेख करताना किमतीशेजारी पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास आणि नाभीय अंतर छापावे, पट छापू नयेत. त्याहून महत्त्वाचे असे, की सवलतीची मुदत संपत आली म्हणून घाईने खरेदी करण्याऐवजी वाचकांना आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीला डोळा लावण्याची संधी मिळावी. फटाक्यांच्या धुराने शहरांतले आकाश लक्ष्मीपूजनाच्या आसपास असेही गढूळच असते. त्यानंतर महिन्याने येणारी कार्तिक अमावास्या आमच्या दृष्टीने जास्त मोलाची. हवा कोरडी, थंडी पडू लागलेली आणि मृग नक्षत्र रात्र फार न चढताच वर आलेले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि हॅलेच्या धूमकेतूच्या काळात स्थापन झालेले मुंबईचे खगोल मंडळ तेव्हापासून लोकांना आकाश दाखवत आले आहे. खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम तर अनेकांच्या परिचयाचे आहेत. तिथे वेगवेगळ्या आकारांच्या दुर्बिणी शेजारी-शेजारी पाहायला मिळतात, त्यांचे मालक न विचारताही त्यांचे गुणदोष सांगतात आणि कधीकधी नवी घेण्याच्या नादात जुनी चांगली दुर्बीण रास्त भावात देऊनही टाकतात. अशा संस्थांच्या पुढील दोन महिन्यांच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक आपण नगरवार्तेच्या पानावर छापावे आणि शक्य झाल्यास ते पुढच्या वर्षी खरेदी पुरवणीच्या त्याच पानावर द्यावे. वेळापत्रक संस्थांकडून मिळवून आपल्या कार्यालयात पोहोचते करण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला,
एक आकाशनिरीक्षक वाचक,
पुणे